मूठभर जुनी खडी

महिपत,

तुझं कार्ड पोचलं होतं. पोस्टाकडे बोट दाखवायला जागा नाही. मंगळवारी दुपारी पोचलं, मी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवलं. तू विचारलं होतंस, ‘घरच्या टाकीला गाळण किती लागते ते कळवावे.’ उत्तर चार ओळींचं आहे. ते त्याच दिवशी लिहून टाकायला मला काय धाड भरली होती, हे मात्र चार ओळींत सांगता यायचं नाही.

आधी उत्तर घे. तुझी टाकी तीन फुटी, मासे सहा. खडीचा दोन इंचांचा थर, खाली भोकांची जाळी आणि हवा सोडणारा एक साधा पंप, एवढं पुरे. खरं म्हणजे थोडं जास्तच आहे. टाकी किती मोठी ते विचारायचं नसतं, खाणं घालणाऱ्याची चिमटी किती मोठी ते विचारायचं. फक्त खडी जुनी हवी. तिच्यावर जे बुळबुळीत बसलेलं असतं, बोटाला लागलं की तू जे सदऱ्याला पुसायचास, ती गाळण. पंप नव्हे, जाळीही नव्हे. ती बुळबुळ. ती धुवायची नाही.

पण हे तुला ठाऊक होतं. म्हणूनच तर तू माझ्याकडे खडी मागितलीस.

तुझा डबाही माझ्याकडेच आहे.

पत्र इथवर आलं आणि प्रभावतीबाई मुळ्यांनी पेन खाली ठेवलं. पत्ता कुठला घालायचा हा प्रश्न होता. महिपत तांबे जाऊन त्या दिवशी दहा दिवस झाले होते.

बाई रत्नागिरीतल्या एका शाळेत बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होत्या. मुंबईला राहून बी. एस्सी. झालेल्या, गावात तेव्हा अशा बायका बोटांवर मोजण्याइतक्या. लग्न केलं नाही, का केलं नाही विचारणाऱ्याला ‘वेळ झाला नाही’ एवढं सांगून वाटेला लावत. बोलणं तडकफडक. मुलं त्यांना घाबरत, सहशिक्षक टाळत, आणि महिपत तेवढा त्यांना ओळखून होता.

महिपत प्रयोगशाळेचा शिपाई. उंच, काटकुळा, खाकी कपड्यांना कायम फॉर्मालिनचा वास. परीक्षानळ्या मोजायच्या, बेडकांची बरणी उचलून द्यायची, तास संपला की टेबलं पुसायची, ही त्याची कामं. तास चालू असताना तो हातात ट्रे घेऊन दाराशी उभा असे. बाई फळ्यावर लिहीत आणि वर्ग डुलक्या घेत असे, तेव्हा ऐकणारा तो एकटा. एकदा बाईंनी सगळ्या वर्गाला विचारलं, बेडकाच्या हृदयाला कप्पे किती? चाळीस मुलं गप्प. दाराकडून आवाज आला, “तीन.” बाई गरकन वळल्या. महिपत ट्रेमधल्या चिमट्यांकडे बघत होता, जणू चिमटाच बोलला.

टाकी आली एकोणीसशे चौऱ्याहत्तरला. एका माजी विद्यार्थ्याने मुंबईहून पाठवलेली. लोखंडी चौकट, जाड काच, सांध्यांत पुटी भरलेली. सोबत सोनेरी मासे आणि दोन काळ्या मोली. पहिल्या तीन महिन्यांत चौदा मासे मेले. बाईंनी आधी पंपाला दोष दिला, मग मुंबईच्या दुकानदाराला खरमरीत पत्र लिहिलं, मग नळाच्या पाण्यावर राग काढला. शेवटी एका मंगळवारी त्यांच्या ध्यानात आलं की मासे मरतात ते नेहमी आठवड्याच्या सुरुवातीला.

“महिपत, शनिवारी शाळा सुटल्यावर तू काय करतोस?”

“टाकी साफ करतंय.”

“म्हणजे नेमकं काय?”

“खडी काढतंय, गरम पान्यानं धुतंय, सोडा लावतंय, उन्हात घालतंय. सोमवारी बघा कशी मोत्यावानी दिसते.”

“कोणी सांगितलं तुला धुवायला?”

“सांगाया कशाला लागतंय, बाई? घाण दिसली की धुवायची.”

“आजपासून त्या खडीला हात लावायचा नाही.”

“मग घाण...”

“घाण नाही ती! जिवंत आहे ती.”

महिपत टाकीकडे आणि मग बाईंकडे बघत राहिला. बाईंना समजावून सांगण्याचा कंटाळा, पण त्या दिवशी त्यांनी सांगितलं. मासा त्याच पाण्यात खातो आणि त्याच पाण्यात घाण करतो. त्या घाणीतून विष तयार होतं, डोळ्यांना न दिसणारं. खडीवर डोळ्यांना न दिसणारे जीव बसलेले असतात, ते हे विष खातात. एक जात कडक विष मऊ करते, दुसरी जात मऊ केलेलं जवळजवळ निरुपद्रवी करून टाकते. त्यांना बस्तान बसवायला पाच-सहा आठवडे लागतात, आणि गरम पाण्याने मरायला अर्धा मिनिट. “मासा मेला तर एक मासा मेला. हे मेले तर सगळे मेले.”

“म्हंजे सगळ्यांची घाण उपसतात आनि कुनाला दिसत नायत,” महिपत म्हणाला.

“बरोबर.”

“पगार?”

“नाही.”

“मग चतुर्थ श्रेणीच म्हनायचे की ते, बाई.”

बाई हसल्या. शाळेत बाईंना हसताना पाहिल्याचं सांगणारे दोघेतिघेच निघतील, त्यांतला महिपत एक.

त्या दिवसापासून त्याने खडीला हात लावला नाही. पुठ्ठ्यावर ‘खडीला हात लावू नये, हुकमावरून’ असं ठळक लिहून टाकीवर टांगलं, आणि हुकूम कोणाचा ते सगळ्या शाळेला कळलं. मासे मरायचे थांबले. त्यांतला एक तर चांगला वीतभर वाढला. पोट सुटलेला, दिवसभर संथपणे येरझाऱ्या घालणारा आणि तोंड उघडून काहीच न बोलणारा. मुलांनी त्याचं नाव ‘हेडमास्तर’ ठेवलं. महिपत रोज सकाळी चिमूटभर खाणं टाकताना गंभीरपणे म्हणायचा, “सर, नाश्ता.” खऱ्या हेडमास्तरांच्या कानांवर ते गेलं, त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

ऐंशी साली बाई निवृत्त झाल्या. घरी एवढा वेळ मोकळा पडल्यावर त्यांनी दोन फुटी टाकी आणली, आणि नव्या टाकीत नवी खडी घातल्यावर आता दीड महिना वाट बघायची म्हणून वैतागून बसल्या. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत महिपत पडवीत येऊन उभा. हातात ॲल्युमिनियमचा डबा, त्याच्यावर ओलं फडकं.

“हे काय रे?”

“आपल्या टाकीतली मूठभर खडी. पान्यातनंच आनलीय, सुकू दिली नाय. वाटेत झाकण लावलं नाय, हवा लागते ना त्येंना.”

“आणि तुझी भाकरी?”

“भाकरी मघाशीच खाल्ली, उभ्या उभ्या.”

ती मूठभर खडी बाईंनी आपल्या खडीवर पसरली, आणि त्यांच्या टाकीत एकही मासा मेला नाही. विरजण लावावं तसं ते होतं. महिपतने पडवीच्या पायरीवर बसून चहा घेतला. त्याचा कप वेगळा नव्हता, हे बाई शपथेवर सांगतील. त्या असल्या गोष्टी मानत नसत, वर्गात त्यावर तावातावाने बोलत. पण महिपतने कप स्वतः विसळून पालथा घातला, आणि बाईंनी त्याला ‘राहू दे’ म्हटलं नाही. घाईत असतील. त्या नेहमी घाईतच असत.

डबा बाईंकडे राहिला. ‘म. तांबे’ असं त्यावर खिळ्याने कोरलेलं. घासून लगेच परत देता आला असता, पण आलेला डबा रिकामा पाठवायचा नाही ही रीत, आणि त्या दिवशी घरात घालण्याजोगं काही नव्हतं. पुढे बाजारात, पोस्टात, शाळेच्या स्नेहसंमेलनात महिपत भेटला की बाई आठवणीने म्हणायच्या, “तुझा डबा माझ्याकडे राहिलाय रे. भरून देत्ये.” महिपत म्हणायचा, “कुठं पळून जातोय डबा.” अशी पाच वर्षं गेली. डबा पडवीतल्या फळीवर होता, माशांच्या खाण्याच्या पुड्या त्यात. स्वयंपाकघरातल्या भांड्यांत तो कधी गेला नाही. का गेला नाही, हे बाईंनी स्वतःला विचारलंही नव्हतं.

पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी महिपत निवृत्त झाला. निरोपाला बाईंना बोलावलं होतं. नव्या मुख्याध्यापकांना प्रयोगशाळेत टाकीच्या जागी कपाट हवं होतं, तेव्हा शाल-श्रीफळाबरोबर टाकीही महिपतला द्यायची ठरली, माशांसकट. सगळ्यांना ही सोय फार आवडली. महिपतला बोलायला उभं केलं.

“तीस वर्सं दुसऱ्यांचं बोलनं ऐकलं,” तो म्हणाला, “आता माझं काय ऐकवू. टाकी घरी लावतोय. समद्यांनी बघायला यायचं. च्या प्यायला यायचं.”

“येऊ, येऊ!” मागून कोणीतरी ओरडलं, “मासे तळून घालणार का, महिपत?”

“तळायचे तुमी आना, सर. माझे हायत ते बघायचे.”

हशा झाला. हशात बाईंना जाणवलं की तीस वर्षांत या खोलीतला एकही माणूस महिपतच्या घरी गेलेला नाही. त्याही नव्हत्या गेल्या. कधी काम पडलं नव्हतं, एवढंच. निदान त्यांचं म्हणणं तसं. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “मी येणार. दिवाळी झाली की पहिला रविवार. आणि तुझा डबा भरून आणत्ये.”

“डबा ऱ्हाऊ दे बाई. तुमी या.”

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी पुण्याहून पुतण्या बायकामुलांसह आलेला. त्याला आरे-वारेचा समुद्र दाखवायचा होता. बाई त्यांच्याबरोबर गेल्या, वाळूत बसल्या, शहाळी प्यायल्या. महिपतचं गाव त्याच वाटेला, एसटीने पंचवीस मिनिटं आणि पुढे सड्याच्या उघड्या कातळावरून अर्धा तास चाल. गाडी त्या थांब्यावरून गेली तेव्हा बाईंना आठवण झाली. पुतण्याला थांबायला सांगणं जिवावर आलं. म्हणाल्या, पुढच्या रविवारी.

मंगळवारी ते कार्ड आलं.

‘बाईंना सा. न. वि. वि. टाकी लावली आहे. पाणी दुधासारखे दिसते. घरच्या टाकीला गाळण किती लागते ते कळवावे. येताना आपल्या टाकीतली मूठभर खडी आणावी. वाट पाहतो. महिपत.’

‘दुधासारखे’ वाचलं आणि बाईंच्या कपाळाची शीर उडाली. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाणी पांढुरकं होतं ते एकाच कारणाने. “धुतलीन!” त्या एकट्याच मोठ्याने म्हणाल्या. “मेल्यानं खडी धुतलीन! अकरा वर्षं कानी कपाळी ओरडत्ये!” उत्तर लिहायला कार्ड घेतलं आणि पुन्हा ठेवून दिलं. ओरडायचं तर समोर ओरडू. रविवार पाच दिवसांवर होता.

त्या रविवारी गुडघा धरला. तो खरंच धरला होता, डॉक्टरांची चिठ्ठी आहे. पण गुडघा धरलेला माणूस पोस्टकार्ड लिहू शकतो.

त्यानंतरच्या गुरुवारी दुसरं कार्ड आलं. ‘घाई नाही. मासे बरे आहेत. तब्येतीस जपून यावे.’ गुडघ्याची बातमी त्याला कोणाकडून लागली कोण जाणे. बाईंनी सुटकेचा श्वास टाकला. मासे बरे आहेत ना, मग झालं. पुढच्या रविवारी काही आलं-गेलं नव्हतं, गुडघाही उतरला होता, एसटी वेळेवर होती. बाई गेल्या नाहीत. का, ते त्यांना आजही सांगता येत नाही. दुपारी पेपर वाचत पडल्या.

गुरुवारी सकाळी शाळेचा दुसरा शिपाई केरू फाटकाशी आला. चप्पल न काढता तिथूनच म्हणाला, “बाई, महिपत गेला.”

शनिवारी बाई एसटीत बसल्या. कोणी गेल्यावर भेटायला जायचं तर हात रिकामे असतात, तसे रिकाम्या हातांनी. थांब्यापासून काळ्या-तांबड्या कातळावरून वाट, मग उतारावर जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी. पंच्याहत्तर पायऱ्या, बाईंनी मोजल्या, गुडघा मोजायला लावतो. मध्यावर बौद्धवाडी, पहिलंच घर महिपतचं, आणि खाली तेवढ्याच पायऱ्यांवर विहीर. चिऱ्यांचं, बुटकं, अंगण इतकं साफ की त्यावर पाय ठेवायला बाईंना संकोच वाटला.

आत शिरताच समोर टाकी. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली चार चिरे रचून केलेल्या चौथऱ्यावर ती ठेवलेली. पाणी काचेइतकं स्वच्छ. खडीचा एकेक दाणा धुऊन पुसून मांडल्यासारखा. कोपऱ्यात पंपाचे बुडबुडे एका रांगेत वर येत होते. मासा एकही नव्हता.

हौसा, महिपतची बायको, जमिनीवर बसली होती. उठू लागली तशा बाई तिच्या शेजारी खालीच बसल्या.

“मासे?” बाईंनी विचारलं. दुसरं काही बोलायला हवं होतं हे त्यांना कळत होतं, पण तोंडातून तेच आलं.

“गेले वो बाई. कवाच गेले.”

मग हौसाने सांगितलं, रडत नाही, दम खात खात. मिरकरवाड्याच्या बंदरात बर्फ पोचवून रिकामा परतणारा टेम्पो महिपतने धरला. सड्यावरून टाकी चौघांनी बांबूला बांधून आणली, मासे किटलीत घालून तो स्वतः चालला, वाटेत दर दहा पावलांवर झाकण उघडून बघत. घरी आल्यावर पहिलं काम त्याने काय केलं, तर खडी चुलीवरच्या उकळत्या पाण्यात घातली. विहिरीत टाकायची पावडर पंचायतीतून आणून तिच्यात भिजवली. दोन दिवस अंगणात वाळवली.

“पण मी त्याला सांगितलं होतं ग!” बाईंचा आवाज चढला. “पुठ्ठ्यावर लिहून टांगलं होतं त्यानं! त्याला ठाऊक नव्हतं का?”

“ठावं व्हतं की. मीच म्हनलं, तुमीच तर सांगायचे, खडी धुवायची नाय. तर म्हनाले, शाळंत ऱ्हायली तर ती शाळंची घाण. हितं ऱ्हायली तर आपली.” हौसाने पदर सारखा केला. “म्हनाले, बाईंना ठावं हाय ती घाण न्हवं. पन बाईंबरोबर बाकीचे येतील त्येंना ठावं हाय का? पयल्यांदा येनार ते घरात. शिरल्या शिरल्या त्येंची नजर कुठं जानार? आपल्या पान्याकडं.”



सहाव्या दिवशी एक मोली उलटी झाली. महिपतने सगळं पाणी बदललं आणि खडी पुन्हा धुतली. मग दुसरी मोली गेली, मागोमाग दोन सोनेरी. पुन्हा पाणी, पुन्हा धुणं. दरवेळी त्याला कळत होतं की धुतलं म्हणून मरतायत, आणि दरवेळी येत्या रविवारी बाई येणार होत्या, मेलेल्या माशाच्या पाण्यासमोर त्यांना बसवायचं कसं?

“तुमाला पयलं कार्ड टाकलानी, तवा दोन जित्ते व्हते,” हौसा म्हणाली. “त्यो मोठा आनि एक बारका. तवा म्हनाले, आता धूत नाय. बाई खडी आनतील, ती घातली की वाचतात. मग नाय धुतलानी. नुसते बसून बघायचे. पानी दुधावानी झालं तरी बसले. बारका बुधवारी गेला, मोठा शुक्रवारी. मोठ्याला मागं आंब्याच्या कलमाखाली पुरलानी. त्या दिवशी जेवले नायत.”

मंगळवारी कार्ड, शुक्रवारी हेडमास्तर. मध्ये तीन दिवस. एसटी पंचवीस मिनिटांची. बाईंच्या डोक्यात हिशेब आपोआप झाला. मास्तरकीची खोड, जात नाही. एक मूठ खडी त्या बुधवारी पडली असती, निम्मं पाणी बदललं असतं आणि चार दिवस खाणं बंद ठेवलं असतं, तर अकरा वर्षांचा तो मासा बहुतेक वाचला असता.

“आणि मला लिहिलं मासे बरे आहेत म्हणून?”

“तुमचा गुडगा धरला हाय असं केरूनं सांगितलान. म्हनाले, मासे मेले लिवलं तर बाई दुखत्या पायानं धावत येतील. आनि...” हौसा थांबली. “आनि मासे नायत म्हनलं तर येतील का नाय, ह्ये बी.”

“मग हे पाणी? हे तर कालचं दिसतंय.”

“मासे गेल्यावर सगळं उपसून पुन्यांदा भरलानी. मग रोज थोडं थोडं बदलायचे. बाई कवाबी येतील, पानी काचेवानी दिसाय होवं. मी म्हनलं, मी आनतंय, तर नको, टाकीचं काम माझं. त्या दिवशीबी दोन कळश्या आनल्यानी. तिसरी घिऊन आले, पायरीवर बसले. मला वाटलं दम खातायत.”

पंच्याहत्तर पायऱ्या. बाईंनी उगाच मोजल्या होत्या.

हौसा उठून आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. ती दोन कप चहा घेऊन आली. कप नवे, कानाशी कागदाचा कपटा अजून चिकटलेला. “तुमच्यासाठीच आनल्यानी व्हते. सहा हायत.” बाईंनी चहा घेतला. तो फार गोड होता आणि त्यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. कप विसळायला त्या उठल्या, तशी हौसाने तो हातातून काढून घेतला. “ऱ्हाऊ दे वो बाई,” ती म्हणाली, “पावण्या तुमी.”

टाकीचे बुडबुडे चालू होते. मासा नसलेल्या पाण्यात पंप कशाला, असं बाईंच्या मनात आलं तोच हौसा म्हणाली, “म्हनायचे, पंप बंद करू नको. बाई खडी आनतील, तिच्यातल्यांना हवा लागते. आधी ते बसू देत, मग मासे आनू. तर दिवसरात चालू हाय.” ती बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. “आता करू का बंद?”

कुठल्याही प्रश्नाला बाईंचं उत्तर तयार असे. या वेळी त्या बुडबुडे मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, “राहू दे रविवारपर्यंत. मी येत्ये खडी घेऊन. डबाही आहे त्याचा माझ्याकडे.”

“कुनासाठी आनता?” हौसाने विचारलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं. बाईंचं बोट टाकीकडे गेलं आणि खाली आलं. तेव्हा हौसा उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने बटण दाबलं. शेवटचे चार-पाच बुडबुडे वर आले आणि पाणी स्थिर झालं. काचेत दाराबाहेरचं अंगण दिसू लागलं, आणि अंगणात पालथी घातलेली कळशी.

बाई सड्यावरून एकट्या परत आल्या. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी त्यांनी पडवीतल्या फळीवरून डबा काढला, पुड्या बाजूला ठेवल्या, डबा राखेने घासला आणि स्वयंपाकघरात ओट्यावर आणून ठेवला. टाकीत हात घालून तळाची मूठभर खडी काढली. पाच वर्षांपूर्वी महिपतने आणलेलीही तिच्यातच, आता कुठली त्याची आणि कुठली बाईंची ते ओळखू येत नव्हतं. बुळबुळीत, तपकिरी. वर चार बोटं पाणी घातलं. झाकण लावलं नाही, ओलं फडकं टाकलं. चप्पल घातली, पिशवीत छत्री टाकली. साडेनऊची एसटी होती.

साडेनऊ वाजून गेले. पाणी हलतं राहिलं नाही तर डब्यातले ते जीव फार वेळ टिकत नाहीत, हे बाईंनी मुलांना बत्तीस वर्षं शिकवलं होतं. दुपारी त्यांनी खडी पुन्हा आपल्या टाकीत ओतली. मग कागद घेऊन ‘महिपत’ असं लिहिलं, आणि तेही पुरं व्हायला आठवडा गेला.

डबा ओट्यावरच आहे. तो भरून द्यायचा राहिला आहे.